दुधाच्या टेम्पोतून लंकेला

आमच्या घरात आनंद झाला की काहीतरी फुटायचंच. मला दहावीला चांगले मार्क पडले त्या दिवशी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खुशीत येऊन शेजारच्या पोराच्या पाठीत अशी थाप मारली की ते तोंडावर पडलं आणि त्याचा पुढचा दात गेला. धाकटी सुमी जन्मली तेव्हा म्हणे त्यांनी दवाखान्याच्या दाराची काच फोडली होती. दुसरीही मुलगीच झाली म्हणून नव्हे, आत सोडत नव्हते म्हणून. रागात काय व्हायचं ते मग सांगायलाच नको. आईची डावी करंगळी सरळ होत नसे, माझ्या कानामागे अजून एक खूण आहे, आणि घरातल्या एकाही पितळी तांब्याचा काठ धड नव्हता. वारणेच्या आमच्या पट्ट्यात असले बाप घरोघरी होते, त्यामुळे आम्हाला त्याचं विशेष काही वाटत नसे. आता वाटतं. आता मी सांगलीत शाळेत शिकवते, केसांत पांढरं दिसायला लागलंय, आणि मी नुसता खडू उचलला तरी एखादं मूल डोकं खाली घालतं, तेव्हा त्याच्या घरात काय चालतं हे मला कुणी सांगावं लागत नाही.

आण्णा फौजेत ट्रक चालवायचे. पेन्शन घेऊन गावी आले, ऊस करायला लागले, पण अंगातली फौज काही उतरली नाही. सकाळी अंगणात त्यांची शिट्टी वाजायची, मग आईचा वरवंटा, मग मागच्या दाराची कडी आपटल्याचा आवाज. चहा गार असला तर कपाचा आवाज. या आवाजांवरून आम्ही बहिणी अंथरुणातच ठरवायचो, आज आण्णांच्या समोर जायचं की मागच्या दारानं शाळा गाठायची.

एके दिवशी त्यांनी पेपर वाचता वाचता पाटावर अशी मूठ आपटली की बशी उडाली आणि तिचे तीन तुकडे झाले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, कुणी मेलं.

"मालन, लंकेला बोट सुरू झाली! तुतिकोरीनवरनं कोलंबो!"

"मग? मला काय रावणानं बलीवलंय?" आई म्हणाली.

"समद्यांनी जायाचं. गाडीसकट. गाडीतच ऱ्हायाचं, गाडीतच रांदायचं, गाडीतच झोपायचं."

आण्णा विशीत असताना लंकेत फौजेबरोबर होते, जाफन्याच्या बाजूला. तिथलं ते फारसं बोलत नसत. ताडाची झाडं लय हायेत, समुद्र गुडघाभर पाण्याचा आहे, एवढंच. पण त्या दिवशी पेपर मांडीवर घेऊन ते आईला म्हणाले, "एकदा मला तिथं बिनबंदुकीचं जायाचं हाय. तू, ह्या दोन पोरी. डबा खायाचा, पाण्यात पाय सोडायचं, माघारी यायचं. लय वर्सं डोक्यात हाय ह्ये." एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आई बशीचे तुकडे गोळा करत होती. ती नुसती "बरं" म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते. लग्नानंतर तिनं पाटणजवळचं माहेर आणि आमचं गाव यापलीकडे काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं.

गाडी बोटीतून कशी जाणार, असा प्रश्न कुणी विचारला नाही. आण्णा फौजेबरोबर परत आले ते मोठ्या बोटीतून, आणि त्या बोटीच्या पोटात ओळीनं ट्रक उभे होते, त्यात यांचाही ट्रक होता. बोट म्हटली की तिच्या पोटात ट्रक मावणारच, हे त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. सांगलीला एका बंद पडलेल्या डेअरीचा जुना, बंदिस्त बॉडीचा टेम्पो त्यांनी उचलला आणि बाळू मिस्त्रीच्या शेडमध्ये नेऊन लावला. बाळू मिस्त्री जातीचा लोहार, तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलणारा माणूस. त्यानं पत्रा कापून दोन खिडक्या काढल्या, आत रेल्वेसारख्या वरखाली फळ्या बसवल्या, शेगडीला कठडा केला, भांडी हलू नयेत म्हणून कप्प्यांना पट्ट्या मारल्या. दोन महिने त्याचा घण चालला होता. एवढं करूनही उन्हात गाडी तापली की आतून फाटलेल्या दुधाचा वास यायचा. आईनं तीन वेळा आत धूप फिरवला, शेणानं सारवण्याचीसुद्धा तयारी दाखवली, पण वास हटला नाही तो नाहीच.

गाडी दारात आली आणि सुरू झाली कवायत. शिट्टी वाजली की तिघींनी जिथं असू तिथून धावत येऊन गाडीत आपापल्या जागी बसायचं. ज्याला उशीर त्याला पाठीत बुक्की. एकदा आई तव्यावर भाकरी टाकून आली म्हणून परत पिटाळली, गॅस बंद करून ये म्हणून. ती परत येईपर्यंत शिट्टी संपली, आणि तिलाही बुक्की बसली. सुमी रडायला लागली. मी मात्र मनात आण्णांना अशा शिव्या घातल्या की लिहिण्यासारख्या नाहीत. आणि गंमत बघा, त्याच संध्याकाळी आम्ही सगळे त्या गाडीत बसून, दारात उभ्या गाडीत, भडंग खात लंकेला निघाल्याचं नाटक करत होतो. आण्णा स्टिअरिंगवर, तोंडानं हॉर्न. आईनं कांदा-लसणाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, खारातल्या मिरच्या असं महिनाभराचं सामान भरून ठेवलं होतं. "तिकडं म्हनं भाताला खोबऱ्याचंच कालवण. माज्या पोरी उपाशी मरत्याल," हे तिचं पालुपद.

बोटीच्या ऑफिसला फोन मी लावला, कारण इंग्रजी मला येत होतं. समोरच्या बाईनं दोनदा सांगितलं की बोटीत माणसं जातात, सामान जातं, गाडी जात नाही. मी आण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला फोन घेऊन उंबऱ्यावर आपटला, मग बाहेर जाऊन हातोडा उचलला आणि स्वतःच्याच गाडीच्या पत्र्यावर घाव घालायला लागले. दुधाची गाडी अशी ओरडत होती की गल्लीतली कुत्री पळाली. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाळू मिस्त्री पत्र्याचे पोचे काढायला आला आणि पत्रा ठोकता ठोकता म्हणाला, "आण्णा, गाडी बंदरापतुर तर जाती का न्हाई? बंदरावर लावा की गड्या. पुढं आठ दिस बोटीनं जावा, तिकडं भाड्याची गाडी करा, माघारी आला की घर हायेच." आण्णा एवढ्या जोरात हसले की मिस्त्री दचकला. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मिस्त्री म्हणजे देवमाणूस.

पासपोर्टसाठी चौघांनी पुण्याला जाऊन फोटो काढले, बोटं उमटवली. आता राहिली होती फक्त पोलीस चौकशी. ओळखीचा हवालदार गावात आला तेव्हा अंगणात खाटेवर बसून म्हणाला, "नावावर केस-बिस न्हाई न्हवं? मग दोन आठवड्यांत धाडतो. एकदा का गुन्हा चिकटला, का मग वर्सानुवर्सं बसा." आण्णा छाती पुढं काढून म्हणाले, "सतरा वर्सं सरकारची चाकरी केलीया. डाग न्हाई." आणि ते खरं होतं. घरातल्या मारहाणीची केस कुठं होते?

आमच्याकडे नवी गाडी आली की तिच्या चाकाला बोकडाच्या रक्ताचं बोट लावतात आणि भावकीला मटण घालतात. त्याशिवाय गाडी हलवली तर लोक तोंडावर म्हणतात, आता हिचा घात होणार. पासपोर्टची वाट बघत असतानाच एका रविवारी बोकड आणला. गावच्या मुलाणीचाचांनी दारात सुरी फिरवली, आण्णांनी चारही बोटांनी रक्त घेऊन पुढच्या चाकावर ओढलं, आणि बोकडाचे पाय थांबेपर्यंत सुमी माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभी होती. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर रस्सा रटरटत होता. दुपारी पंगत बसली. पंगतीच्या तोंडाशी आण्णांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, बाजूला त्यांची दोन पोरं. तात्या म्हणजे आण्णांचीच दुसरी प्रत, फक्त फौजेत न गेलेली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. बोकड जत्रेचा असो नाहीतर गाडीचा, त्याची मुंडी थोरल्या घरी जाते. भाजून, साफ करून, पाटीत घालून, वर फडकं टाकून. तो मान आहे. मटण किती वाढलं यावरून आमच्याकडे कुणी भांडत नाही, पण मुंडी चुकली तर पिढ्या बोलत नाहीत. आण्णांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण ते खुशीत होते. त्यांनी पाटी उचलली आणि तात्यांच्या समोरून नेऊन बाळू मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवली.

"ही मिस्त्रीची. त्यानं माजं घर चाकावर बांदलं. मान त्येचा."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. "आण्णा, नगा. म्या न्हाई घेत. थोरल्या घरी द्या."

तात्या उठले. ताट लाथेनं उडालं, रस्सा शेजारच्यांच्या टोप्यांवर. "लोहाराला मुंडी? आन् म्या काय हितं पत्रावळ्या उचलायला आलूय?"

"तात्या, ह्ये घर तुज्या बापानं न्हाई, ह्यानं बांदलंय."

दोघांचा बाप एकच होता, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तात्यांनी मुलाणीचाचांच्या ओंडक्यावरचा सत्तूर उचलला आणि गाडीवर धावले. पहिल्या घावात खिडकीची काच, दुसऱ्यात आईनं शिवलेला पडदा, तिसऱ्यात शेगडीची नळी. आण्णा मागून त्यांच्या मानेवर पडले. तात्यांच्या पोरांनी आण्णांना ओढून जमिनीवर आदळलं, एक छातीवर बसला, दुसरा तोंडावर लाथा घालत होता. मिस्त्री सोडवायला गेला, त्याच्या डोक्यात कुणीतरी जळकं लाकूड घातलं. बायका किंचाळत होत्या, आणि अर्धी पंगत उठून मजा बघत होती. असली माणसं! आई मध्ये पडली. "आवं भावजी, पाया पडते, सोडा ओ त्यांना," म्हणत तिनं तात्यांचा हात धरला. तात्यांनी तिला झटकलं. ती चुलीच्या दगडावर गेली आणि रश्शाचं पातेलं तिच्या पायावर कलंडलं. तिची ती किंकाळी मला आजही वर्गात शिकवताना मध्येच ऐकू येते.

गाडीच्या दाराशी टामी पडली होती, जॅक फिरवायची लोखंडी सळई. ती मी उचलली. दोन्ही हातांनी. तात्या पाठमोरे होते, सत्तूर पुन्हा वर जात होता. मी त्यांच्या डोक्यात घातली, उजव्या कानाच्या वर. आवाज फार मोठा झाला नाही. ते वळले, मला बघितलं, नीट बघितलं, ओळखून बघितलं, आणि मांडी घालून बसावं तसे खाली बसले. मग टोपी लाल व्हायला लागली. खोटं कशाला लिहू, मला त्या क्षणी बरं वाटलं. सतरा वर्षांत घरात जेवढ्या हातांनी मारताना पाहिलं होतं ते सगळे हात माझ्या दोन हातांत आले होते, आणि मला अजून एकदा मारायचं होतं. मी टामी उचललीही होती.

तात्यांची पोरं बापाकडं धावली होती, आणि सुटून उठलेल्या आण्णांनी माझा हात धरला. तोंड फुटलेलं, एक डोळा मिटलेला, पण पकड लोखंडाची. त्यांनी एकेक बोट सोडवून टामी काढून घेतली, माझे हात स्वतःच्या सदऱ्याला पुसले आणि म्हणाले, "आईला पानी वत जा." पोलिसांची गाडी आली तेव्हा ते ती टामी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले होते. थोरली काकी छाती बडवत ओरडत होती, "त्या सटवीनं मारलं, पोरीनं मारलं!" आण्णा म्हणाले, "म्या मारलं. लिवून घ्या."

तात्या तीन दिवस बेशुद्ध होते. आम्ही तिघी घरात दार लावून बसलो होतो. आईच्या पायाच्या फोडांवर मी मलम लावायचे आणि वाट बघायचे, की तात्या मरतात की बोलतात, आणि यातलं मला काय हवंय तेच मला कळत नव्हतं. चौथ्या दिवशी ते बोलले. जबाब दिला, भावानं मारलं. काकीनंही मग आपलं म्हणणं फिरवलं. तात्यांनी मला डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही! पुढे कळलं, दवाखान्यात ते काकीला एवढंच म्हणाले होते, घरच्या पोरीचं नाव चौकीत घ्यायचं न्हाई, तिचं लगीन व्हायचं हाय. जन्मभर एकमेकांच्या नरड्यावर बसलेले हे दोघे भाऊ आयुष्यात एकदाच एकमतानं वागले, आणि तेही माझ्यासाठी खोटं बोलायला. तात्यांचा डावा हात पुढं कायमचा लुळा राहिला. मी समोर आले की ते तो टॉवेलखाली झाकायचे.

आण्णा जामिनावर घरी आले, आणि त्यानंतर काही दिवसांनी पोस्टमन तीन पाकिटं घेऊन आला. आईचं, माझं, सुमीचं. चौथं आलं नाही, येणारही नव्हतं. जबर दुखापतीचा गुन्हा नावावर लागला होता. आण्णांनी तिन्ही पासपोर्ट उघडून आमचे फोटो बघितले, सुमीच्या फोटोला हसलेसुद्धा. मग म्हणाले, "तुमी तिघी जावा. म्या बंदरापतुर सोडतो. आठ दिस गाडीत ऱ्हातो."

आई लंगडत आत गेली, चटणीची मोठी बरणी घेऊन आली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर तिनं ती आपटली. तिनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी फोडलं होतं. "तुमाला सोडून मला लंका न्हाई बगायची. कवाच न्हाई," ती म्हणाली आणि तिथंच काचांत बसून रडली. आण्णा तिच्या अंगावर ओरडले नाहीत. खाली वाकून काचा वेचायला लागले.

ती बोट काही महिन्यांतच बंद पडली. केस मिटायला मात्र कितीतरी वर्षं गेली. पुढं दुसऱ्या बंदरातून लंकेची बोट पुन्हा सुरू झाली, तेव्हा आण्णा नव्हते. पण ते सगळं नंतरचं. बरणी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की बस झालं. सकाळी कॉलेजला जाते म्हणून निघाले, वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये बसले आणि शिराळ्याला पोलीस ठाण्यासमोर उतरले. आत जाऊन खरं काय ते सांगायचं, आण्णांची केस माझ्यावर घ्यायची. पाय मात्र समोरच्या चहाच्या गाड्याशी अडले. तेवढ्यात मागून मोटारसायकल थांबली आणि माझी वेणी कुणीतरी घट्ट धरली. मी डोळे मिटले. मारा, म्हटलं मनात, एकदा मला चांगलं मारा.

आण्णांनी वेणी सोडली. "आत गेलीस का?"

"न्हाई अजून."

"काय सांगनार हुतीस?"

"म्या मारलं म्हणून. तुमचा पासपोर्ट तर सुटंल."

त्यांनी दोन चहा सांगितले. बाकड्यावर बसले, मलाही बसवलं. चहा आला तरी बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही.

"तिकडं पोरीबी लढायच्या," ते म्हणाले. "एक व्हती. तुज्याएवढी. दोन येन्या, खांद्याला बंदूक. म्या तिला दिसलो, ती मला दिसली. माजी आदी चालली."

मी माझा कप बाकड्यावर ठेवला.

"तिचं नाव कुनी लिवलं न्हाई. आमी तसंच म्होरं गेलो. तिला आय असंल, बा असंल. घरात तुमा दोघींच्या येन्या बगितल्या की... जाऊं दे. तुमाला घिऊन तिथं एकदा उबं ऱ्हायचं व्हतं मला. कशाला, त्ये इचारू नगंस, मलाबी सांगता येत न्हाई." त्यांनी चहा एका घोटात संपवला. "तिचं लिवलं न्हाई. तुजंबी हितं लिवून द्यायचो न्हाई. चल घरी."

मी तेव्हा त्यांचा हात झिडकारून रस्ता ओलांडायला हवा होता. वीस पावलं होती. त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती मिळवून देणं फक्त माझ्या हातात होतं. पण मला केसची भीती वाटली, लग्नाची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर आण्णा अडवतायत याचं मला आतून बरंच वाटलं. मी आत गेले नाही. बापाची लंका बुडवली, आणि त्याच्याच मागे मोटारसायकलवर बसून घरी येऊन जेवले.